विमान कंपनी २,७०० कोटींना आणि इमारत १,६०१ कोटींना : सरकारी कंपनी विकणे म्हणजे नेमके काय?

मुंबईत नरिमन पॉइंटला समुद्राकडे तोंड करून उभी असलेली एअर इंडियाची २३ मजली इमारत महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटी रुपयांना घेतली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने या व्यवहाराला मान्यता दिली, तेव्हा अनेकांनी मनाशी एक साधा हिशेब मांडला. त्याच्या दोन वर्षे आधी, २७ जानेवारी २०२२ रोजी, खुद्द एअर इंडिया टाटा समूहाच्या ताब्यात गेली होती आणि त्या व्यवहारात सरकारच्या हाती रोख पडले होते २,७०० कोटी रुपये. शंभराहून अधिक विमाने, देशोदेशीच्या विमानतळांवर उतरण्याच्या राखीव वेळा, अनुभवी वैमानिक आणि जगभर ओळखला जाणारा महाराजा, हे सगळे मिळून २,७०० कोटी. आणि एक इमारत १,६०१ कोटी. एक तर विमान कंपनी फुकटात गेली किंवा इमारत भलतीच महाग पडली, असे हा हिशेब पाहून कोणालाही वाटेल.

दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. मात्र ते का घाईचे आहेत, हे नीट समजून घेतले, तर सरकारी कंपन्यांच्या विक्रीबद्दल दर अर्थसंकल्पात कानावर पडणारे बरेच शब्द आणि आकडे उलगडू लागतात. हे समजून घेणे आवश्यकही आहे, कारण विकली जाणारी मालमत्ता आपली असते आणि विक्रीनंतर मागे राहणारी देणीही आपणच फेडत असतो.

तीन वेगळ्या गोष्टी, ज्यांना आपण एकच नाव देतो

समजा, चार भावांचे एक जुने किराणा दुकान आहे आणि थोरला भाऊ ते चालवतो. पैशांची गरज लागली म्हणून भावांनी दुकानातला दहावा हिस्सा शेजाऱ्याला विकला. शेजाऱ्याला दरवर्षी नफ्यातला वाटा मिळेल; परंतु माल कोणता भरायचा आणि उधारी कोणाला द्यायची, हे थोरला भाऊच ठरवील. या प्रकाराला निर्गुंतवणूक म्हणतात. सरकार आपला काही हिस्सा विकते, मात्र गल्ल्याच्या किल्ल्या स्वतःकडे ठेवते. मे २०२२ मध्ये आयुर्विमा महामंडळाचे साडेतीन टक्के समभाग प्रत्येकी ९४९ रुपयांना बाजारात विकले गेले, ती निर्गुंतवणूक होती. एलआयसी तेव्हा खासगी झाली नाही.

भावांनी किल्ल्याच दुसऱ्याच्या हाती दिल्या, तर ते खासगीकरण. येथे टक्केवारीपेक्षा ताबा महत्त्वाचा असतो. परदेशी दूरध्वनीची मक्तेदारी असलेल्या विदेश संचार निगम या कंपनीचा केवळ २५ टक्के हिस्सा फेब्रुवारी २००२ मध्ये टाटा समूहाला १,४३९ कोटींना विकला गेला. पण त्या हिश्शाबरोबर व्यवस्थापनही गेले. काही महिन्यांतच या कंपनीने टाटा समूहाच्याच दुसऱ्या दूरसंचार कंपनीत १,२०० कोटी रुपये गुंतवण्याचे ठरवले आणि तेव्हाचे दूरसंचार मंत्री प्रमोद महाजन यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. पाव हिश्शाबरोबर सगळी तिजोरी कशी हाती येते, याचे हे उदाहरण आजही अभ्यासावे असे आहे.

तिसरा प्रकार या दोहोंत मोडत नाही, तरी आकडेवारीत तो निर्गुंतवणूक म्हणूनच मोजला जातो. जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसी या सरकारी कंपनीने हिंदुस्तान पेट्रोलियममधील सरकारचा संपूर्ण ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना विकत घेतला. धाकट्या भावाने बाहेरून कर्ज काढून थोरल्याचा हिस्सा घ्यावा आणि घराचे उत्पन्न वाढले असे सांगावे, तसा हा प्रकार होता. ओएनजीसीला त्यासाठी खरोखरच कर्ज काढावे लागले. त्या वर्षी निर्गुंतवणुकीची जमा एक लाख कोटींच्या पुढे गेली खरी, परंतु त्यातील तिसऱ्या हिश्शाहून अधिक रक्कम सरकारच्याच एका कंपनीकडून आली होती. माझ्या मते याला सुधारणा म्हणणे योग्य नाही. ती वर्षाअखेरची हिशेबाची जुळवाजुळव होती.

सरकार मुळात व्यापारात का उतरले?

पाव, हॉटेल, घड्याळे आणि विमाने हे सरकारचे काम आहे का, हा प्रश्न आज सोपा वाटतो. १९५० च्या सुमारास तो तसा नव्हता. १९४४ च्या ‘बॉम्बे प्लॅन’मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास अशा उद्योगपतींनीच मोठ्या उद्योगांच्या उभारणीत सरकारने पुढाकार घ्यावा असे सुचवले होते. पोलाद, वीज आणि जड यंत्रसामग्रीसाठी लागणारे भांडवल दीर्घकाळ अडकून पडते आणि एवढी मोठी रक्कम गुंतवण्याची ऐपत तेव्हा फारच थोड्यांकडे होती. पिंपरीला १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिन देशात बनवायला सुरुवात केली, तेव्हा ते काम खासगी कारखानदाराने करण्याची वाट पाहणे देशाला परवडणारे नव्हते. १९५१ मध्ये केंद्र सरकारच्या अशा पाच कंपन्या होत्या आणि त्यांत २९ कोटी रुपये गुंतलेले होते.

काही कंपन्या सरकारकडे आल्या त्या मात्र दुसऱ्याच वाटेने, खासगी मालकांना त्या चालवता आल्या नाहीत म्हणून. मुंबईच्या आजारी गिरण्या १९७४ मध्ये आणि पुढे १९८२ च्या संपानंतर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, त्या कामगारांची नोकरी टिकावी म्हणून. सरकारी कंपन्यांच्या तोट्याची यादी वाचताना त्यांतल्या अनेक कंपन्या जन्मतः सरकारी नव्हत्या, हे लक्षात ठेवले पाहिजे.

वारे बदलले ते १९९१ मध्ये. त्या वर्षी देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते आणि रिझर्व्ह बँकेचे सोने विमानाने परदेशी नेऊन तारण ठेवावे लागले. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने केवळ सरकारसाठी राखून ठेवलेल्या उद्योगांची संख्या १७ वरून ८ वर आणली आणि त्याच आर्थिक वर्षात सरकारी समभाग विकायला सुरुवात झाली. सुरुवातीची आठ-नऊ वर्षे केवळ थोडा थोडा हिस्सा विकला गेला. किल्ल्या हातातून सोडणारी पहिली ठळक विक्री जानेवारी २००० मध्ये झाली : पाव बनवणाऱ्या मॉडर्न फूड इंडस्ट्रीजचा ७४ टक्के हिस्सा हिंदुस्तान लिव्हरने घेतला.

आता त्या २,७०० कोटींचा हिशेब

मोठे आकडे डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत, म्हणून थोडा वेळ प्रत्येक कोटीऐवजी शंभर रुपये धरू. समजा, तुमच्या एका खोलीवर सुमारे ६१ लाख ६० हजारांचे कर्ज आहे आणि बाजारात त्या खोलीला जास्तीत जास्त १८ लाखच कोणी देते आहे. घेणारा म्हणतो, “१८ लाखांपैकी १५ लाख ३० हजारांचे कर्ज मी माझ्या नावावर घेतो आणि २ लाख ७० हजार तुम्हाला रोख देतो.” खोलीची किंमत १८ लाखच ठरली, पण तुमच्या हाती पावणेतीन लाखही आले नाहीत आणि उरलेले ४६ लाखांहून अधिक कर्ज तुमच्या डोक्यावर राहिले.

दर शंभराच्या जागी एक कोटी ठेवले की एअर इंडियाचा व्यवहार समोर येतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कंपनीवर ६१,५६२ कोटींचे कर्ज होते. टाटा समूहाची बोली १८,००० कोटींची होती; सरकारने आधीच ठरवलेली राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली विकायचेच नाही अशी किंमत, १२,९०६ कोटी होती आणि दुसरी बोली १५,१०० कोटींची होती. १८,००० कोटींपैकी १५,३०० कोटींचे कर्ज खरेदीदाराने उचलले आणि २,७०० कोटी रोख दिले. उरलेले ४६,२६२ कोटींचे कर्ज त्यासाठीच उभारलेल्या एका वेगळ्या सरकारी कंपनीकडे गेले. नरिमन पॉइंटची इमारत, इतर जमिनी आणि वसाहती यांचा विक्रीत समावेशच नव्हता. १४,७१८ कोटी मूल्याची ही मालमत्ता त्या वेगळ्या कंपनीकडेच ठेवली गेली. इमारतीची किंमत आणि विमान कंपनीची रोख रक्कम एका तराजूत घालता येत नाही, ती यामुळे.

मागे राहिलेल्या कर्जातून मालमत्तेचे मूल्य आणि रोख रक्कम वजा केली, तर २८,८४४ कोटींचा बोजा उरतो. तो कोणी उचलला? केंद्राच्या तिजोरीने, म्हणजे करदात्यांनी. २०२१-२२ च्या सुधारित अंदाजात एअर इंडियाची थकीत आणि संबंधित देणी मिटवण्यासाठी ५१,९७१ कोटी रुपये दाखवलेले आहेत. विक्रीच्या दिवशी वृत्तवाहिन्यांवर १८,००० चा आकडा झळकत राहिला, पण या दुसऱ्या आकड्याची चर्चा फारशी झाली नाही.

एवढे नुकसान सोसून विकायची गरज काय होती, असे कोणी विचारील. कंपनी चालू ठेवण्यासाठी दिवसाला सुमारे २० कोटी रुपये लागत होते, असे अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितले होते. जुने कर्ज कंपनी विकली तरी फेडायचे होते आणि न विकली तरी फेडायचे होते. विक्रीने थांबली ती रोजची गळती. हा फरक ध्यानात घेतला, तर “सरकारने कंपनी फुकट दिली” हा आरोप टिकत नाही, मात्र “कंपनीवर एवढे कर्ज होऊ कसे दिले?” हा प्रश्न अधिक टोकदार होतो.

सरकारी कंपनी तोट्यात का जाते?

सरकारी नोकर काम करत नाहीत, हे लोकप्रिय उत्तर एअर इंडियाला लागू पडत नाही. याच कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी १९९० मध्ये कुवेतमधून एक लाखाहून अधिक भारतीयांना घरी आणले. कंपनीचे खरे दुखणे वरच्या निर्णयांत होते. २००५-०६ च्या सुमारास एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन कंपन्यांसाठी मिळून १११ विमानांची मागणी नोंदवली गेली आणि ती बव्हंशी कर्जावर होती. २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र केल्या गेल्या. पण वेतनश्रेणी, बढतीचे नियम आणि संगणक यंत्रणा कितीतरी वर्षे वेगवेगळ्याच राहिल्या. दोन घरांची चूल एक केली, पण भांडीकुंडी आणि रुसवेफुगवे जिथल्या तिथे ठेवले, तर काय होते ते आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांना चांगले ठाऊक आहे.

याखेरीज एक खोलवरचे कारण आहे. खासगी कंपनीच्या व्यवस्थापकाने दहा निर्णय घेतले आणि त्यांपैकी तीन चुकले, तर मालक सातांकडे पाहतो. सरकारी कंपनीतील अधिकाऱ्याचे तीन चुकलेले निर्णय मात्र लेखापरीक्षण, दक्षता आयोग आणि तपास यंत्रणा यांच्यापुढे वर्षानुवर्षे जात राहतात. जनतेचा पैसा असल्यामुळे ही तपासणी हवीच. पण तिची किंमत अशी की, निर्णयच न घेणे हा तिथे सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. विमानाच्या तिकिटाचे दर तासातासाला बदलावे लागतात. अशा धंद्यात ही कार्यपद्धती तग धरू शकत नाही.

याचा अर्थ खासगी मालकी म्हणजे यशाची हमी, असा मात्र नाही. याच विमान व्यवसायात किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये आणि जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली आणि त्यांना दिलेल्या कर्जाचा मोठा फटका सरकारी बँकांना बसला. मार्च २०२० मध्ये येस बँक ही खासगी बँक बुडण्याच्या बेतात होती, तेव्हा तिला वाचवायला स्टेट बँकेला पुढे यावे लागले. उलट भारत इलेक्ट्रॉनिक्ससारख्या सरकारी कंपन्या वर्षानुवर्षे नफा मिळवत आल्या आहेत.

“घरातले सोने विकून घरखर्च भागवायचा का?”

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो आणि त्याचे उत्तर विक्रीत नसून विक्रीच्या पैशाचे पुढे काय होते, यात आहे. वडिलोपार्जित शेताचा तुकडा विकून विहीर खोदली, तर उरलेले शेत बारमाही होते. तोच पैसा लग्नाच्या जेवणावळीत गेला, तर शेतही जाते आणि पैसाही.

हा धोका सरकारनेही ओळखला होता. २००५ मध्ये राष्ट्रीय गुंतवणूक निधी स्थापन झाला, तेव्हा विक्रीचे पैसे निधीत कायम ठेवावेत आणि केवळ त्यांच्या उत्पन्नातून, तेही मुख्यतः शिक्षण, आरोग्य आणि रोजगारासाठी, खर्च करावा अशी कल्पना होती. जागतिक मंदीनंतर २००९ मध्ये मुद्दलही खर्च करण्याची मुभा दिली गेली आणि पुढे मूळ कल्पनेतले फारसे काही शिल्लक राहिले नाही. तेव्हापासून विक्रीची रक्कम ही प्रामुख्याने वित्तीय तूट, म्हणजे सरकारच्या खर्च आणि उत्पन्नातील दरी, भरून काढण्याचे साधन बनली. तूट भरून काढणे हाच हेतू झाला की घाई येते, आणि घाईत विकणाऱ्याला भाव कमी मिळतो, हे बाजारात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय उद्दिष्टे मोठी आणि जमा तुटपुंजी, असेही होते. २०२१-२२ साठी १ लाख ७५ हजार कोटींचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. प्रत्यक्षात सुमारे १३,५०० कोटी मिळाले. अलीकडच्या अर्थसंकल्पांत असे वेगळे उद्दिष्ट जाहीर करणे सरकारने थांबवले आहे आणि ते योग्यच झाले.

“कवडीमोलाने विकले”

हा आरोप कधी निराधार असतो, कधी नसतो. मुंबई विमानतळाजवळचे सेंटॉर हॉटेल २००२ मध्ये ८३ कोटींना विकले गेले आणि नव्या मालकाने ते काही महिन्यांतच ११५ कोटींना पुढे विकले. एखादी वस्तू इतक्या थोड्या काळात एवढ्या फरकाने विकली जात असेल, तर पहिल्या विक्रीत काहीतरी चुकले, एवढे म्हणायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. राजस्थानातील हिंदुस्तान झिंकचा २६ टक्के हिस्सा त्याच वर्षी ४४५ कोटींना गेला आणि ती कंपनी पुढे प्रचंड नफ्यात आली. या विक्रीबाबत गुन्हा नोंदवून चौकशी करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे जवळपास दोन दशकांनी, दिला.

यात एक अडचण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कंपनी विकल्यानंतर वधारली, यावरून ती स्वस्तात विकली हे आपोआप सिद्ध होत नाही. धातूंचे जागतिक दर वाढले असतील किंवा नव्या मालकाने कारभार सुधारला असेल. मारुतीच्या बाबतीत सरकारने यावर चांगला मार्ग काढला होता. २००२ मध्ये ताबा सोडण्यासाठी सुझुकीकडून १,००० कोटी रुपये वेगळे घेतले आणि उरलेला हिस्सा पुढे बाजारात टप्प्याटप्प्याने विकला. त्यामुळे वाढलेल्या भावाचा लाभ सरकारलाही मिळाला.

जमिनीचा प्रश्न मात्र भावाच्या प्रश्नाहून वेगळा ठेवावा लागतो. विदेश संचार निगमच्या विक्रीत पुण्याजवळच्या दिघीसह चार शहरांतील ७०० हून अधिक एकर अतिरिक्त जमीन करारानेच बाजूला काढली होती. ती प्रत्यक्षात वेगळ्या कंपनीकडे जायला दीड दशकाहून अधिक काळ लागला, परंतु अट लिहून ठेवलेली असल्यामुळे ती वाचली. कोणत्याही विक्रीची बातमी वाचताना मी सर्वप्रथम जमिनीचे काय ठरले, हे शोधतो.

“कामगारांचे आणि आरक्षणाचे काय?”

एअर इंडियात विक्रीच्या वेळी १२,०८५ कर्मचारी होते. त्यांपैकी ८,०८४ कायम आणि ४,००१ कंत्राटी. एक वर्ष कोणालाही काढायचे नाही आणि दुसऱ्या वर्षी कपात करायची झाली तर स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय द्यायचा, अशी अट होती. कालिन्याच्या वसाहतीतील घरे रिकामी करण्याचा वाद मात्र उच्च न्यायालयापर्यंत गेला. कागदावरच्या अटीत नोकरी मोजली जाते. पण त्या नोकरीभोवती उभे राहिलेले घर, मुलांची शाळा आणि शेजार त्यात मोजला जात नाही.

छत्तीसगडमधील कोरबा येथील बाल्को या अ‍ॅल्युमिनियम कंपनीचा ५१ टक्के हिस्सा २००१ मध्ये ५५१.५ कोटींना विकला गेला, तेव्हा कामगारांनी ६७ दिवस संप केला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००१ मध्ये निकाल दिला की, हा आर्थिक धोरणाचा विषय असून कंपनी सरकारीच राहावी असा हक्क कर्मचाऱ्यांना सांगता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तिथे मिटला.

सामाजिक प्रश्न मिटलेला नाही. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांसाठीचे आरक्षण सरकारी कंपनीला बंधनकारक असते आणि ती खासगी झाली की नव्या भरतीत ते बंधन उरत नाही. महाराष्ट्रातील कितीतरी कुटुंबांत पहिला नियमित पगार, पहिला भविष्यनिर्वाह निधी आणि पहिले पक्के घर हे बँकेतल्या, रेल्वेतल्या किंवा सरकारी कारखान्यातल्या नोकरीने आणले. त्या नोकरीत गुणवत्तेबरोबर प्रतिष्ठाही मिळाली. विक्रीचे समर्थक या नुकसानीची किंमत शून्य धरतात आणि तेथे त्यांचा हिशेब अपुरा राहतो. विक्री थांबवणे हेच त्यावरचे उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. पण जी शिडी काढून घेतली जात आहे तिच्या जागी दुसरी कोणती उभी केली जाणार, हे विक्रीच्या वेळीच सांगण्याची जबाबदारी सरकारची आहे. आजवर ते सांगितले गेलेले नाही.

आठवडे बाजार आणि गावातली एकमेव विहीर

आठवडे बाजारात एका भाजीवाल्याने भाव चढवला, तर आपण पुढच्याकडे जातो. गावात विहीर एकच असेल, तर तसे करता येत नाही. पाव, हॉटेल आणि विमानसेवा हे आठवडे बाजारासारखे धंदे आहेत. तेथे सरकारने मालक असलेच पाहिजे असे मला वाटत नाही. विमानतळ, विजेच्या तारा आणि पाणीपुरवठा ही मात्र विहीर आहे. ती खासगी हाती द्यायची असेल, तर पाण्याचा दर ठरवणारा तटस्थ पंच, म्हणजे नियामक, आधी नेमला पाहिजे.

आपल्याकडे हा क्रम चुकला. मुंबईचा विमानतळ २००६ मध्ये खासगी भागीदारांच्या ताब्यात गेला; विमानतळांचे शुल्क ठरवणारा नियामक २००८ च्या कायद्याने २००९ मध्ये अस्तित्वात आला. दरम्यान एप्रिल २००९ पासून मुंबईतून निघणाऱ्या प्रवाशाकडून देशांतर्गत प्रवासासाठी १०० आणि परदेशासाठी ६०० रुपये विकास शुल्क घेतले जाऊ लागले. नियामकाने न ठरवता अशी आकारणी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये सांगावे लागले. जानेवारी २०२३ मध्ये महावितरणच्या भागात समांतर वीजपुरवठ्याचा परवाना खासगी कंपनीला देण्याच्या प्रस्तावाविरुद्ध राज्यातील वीज कर्मचारी संपावर गेले, त्यामागेही हाच मुद्दा होता : चांगली वसुली देणारे शहरी आणि औद्योगिक ग्राहक नवी कंपनी घेऊन गेली, तर त्यांच्या बिलातून ज्या शेतीपंपांना सवलत मिळते त्यांचे ओझे कोण उचलणार?

स्पर्धेच्या धंद्यातही सरकारचे काम विक्रीबरोबर संपत नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळून २६० जणांचा मृत्यू झाला. त्याच्या कारणांबद्दल येथे काही बोलणे उचित नाही. पण विमान कोणाच्याही मालकीचे असो, त्याची देखभाल तपासणारी आणि अपघाताची चौकशी करणारी यंत्रणा सरकारचीच असते आणि तिच्यात पुरेशी माणसे नेमणे हे कंपनी चालवण्यापेक्षा अधिक निकडीचे काम आहे.

विकायचेही नाही आणि चालवायचेही नाही

सर्वांत वाईट अवस्था या दोहोंच्या मधली असते. भारत पेट्रोलियमच्या विक्रीला नोव्हेंबर २०१९ मध्ये मंजुरी मिळाली आणि एकच बोलीदार उरल्यावर मे २०२२ मध्ये ती प्रक्रिया गुंडाळली गेली. विकली जाणार अशी पाटी लागलेल्या कंपनीत मोठी गुंतवणूक कोणी ठरवत नाही आणि हुशार माणसे नोकरी सोडू लागतात.

विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडे पाहिले की हे दुखणे पूर्ण दिसते. तो कारखाना मिळावा म्हणून १९६६ मध्ये झालेल्या आंदोलनात ३२ जणांनी प्राण गमावले. ‘विशाखा उक्कू, आंध्रुला हक्कू’, म्हणजे विशाखाचे पोलाद हा आंध्रवासीयांचा हक्क, ही त्या वेळची घोषणा आजही कारखान्याच्या फाटकावर ऐकू येते. हजारो एकर जमीन गावकऱ्यांनी दिली. पण कारखान्याला स्वतःची लोहखनिजाची खाण कधीच मिळाली नाही. इतर बरेच मोठे पोलाद कारखाने स्वतःच्या खाणीतले खनिज वापरतात आणि हा कारखाना ते बाजारभावाने विकत घेतो. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने तो पूर्णपणे विकण्याचे तत्त्वतः ठरवले, कामगार रस्त्यावर उतरले, विक्री पुढे सरकली नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये ११,४४० कोटींचे पुनरुज्जीवन पॅकेज जाहीर झाले. त्या पॅकेजमधून कर्जाचा काही भार हलका होईल, भट्ट्या पुन्हा पूर्ण क्षमतेने पेटवता येतील. लोहखनिज मात्र कारखान्याला अजूनही बाहेरूनच आणावे लागते.